शेवटच्या रांगेसाठी

हॉटेलात चहा सांगायचा म्हणजे माणूस पोऱ्याकडे बघून दोन बोटं वर करतो. आमचा हा गृहस्थ खुर्ची मागे सारून उभा राहायचा, छाती भरून घ्यायचा आणि "दोन चहा! एकात साखर कमी!" असं म्हणायचा, की रस्त्यापलीकडे सायकलचं पंक्चर काढणारा माणूसही मान वळवून बघायचा. वय असेल चोवीस-पंचवीस. अंगाने किरकोळ, मान लांब, आणि त्या मानेला ऐन मे महिन्यातही लोकरीचा मफलर. नगरात त्या काळी दुपारच्या उन्हात मफलर गुंडाळून फिरणारा दुसरा माणूस नव्हता. आम्ही त्याला 'शेवटची रांग' म्हणायचो. खरं नाव सांगत नाही. पुढे ते मुंबईच्या नाटकांच्या जाहिरातींत बरंच छापून आलं, पण मला आठवतो तो आमचा 'शेवटची रांग'.

मी कचेरीत कारकून होतो आणि संध्याकाळी आमच्या हौशी मंडळात पायपेटी वाजवायचो, म्हणजे ऑर्गन. आम्ही संगीत नाटकं करायचो. संगीत नाटकांचे दिवस संपले, असं आम्हाला सगळेच सांगायचे आणि सांगून झाल्यावर तिकीट काढून बघायलाही यायचे. आमचे तालीममास्तर फार जुने, कडक आणि तंबाखू खाणारे. त्यांनी पहिल्याच दिवशी या पोराला सांगितलं होतं, "पुढच्या रांगेतला माणूस डोळ्यांनी नाटक बघतो. शेवटच्या रांगेतला कानांनी बघतो. त्याला विसरलास तर मी तुला विसरेन." हे वाक्य आम्ही सगळ्यांनीच ऐकलं होतं. आम्ही ते ऐकून घरी गेलो. त्याने मात्र ते अंगाला लावून घेतलं.

दिवसा तो बस स्टँडवर गाड्यांची घोषणा करायचं काम करायचा. पाथर्डीची गाडी कुठे लागली, संगमनेरची किती उशिरा सुटणार, हे तो असं सांगायचा की ऐकणाऱ्याला आपण कुठल्या तरी मोहिमेवर निघालोय असं वाटावं. संगमनेर म्हणताना तो 'ग'वर एक छोटीशी हरकत घ्यायचा. एकदा तिथला भोंगा बिघडला आणि बरेच दिवस ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. शेवटी दुरुस्त करायला माणूस आला, तेव्हा स्टँडवरचे हमाल त्याला म्हणाले, "कशाला दुरुस्त करता? चाललंय की झकास."

प्रयोगाच्या दिवशी हाच माणूस सकाळपासून तोंडातून अवाक्षर काढत नसे. सगळं खुणांनी चालायचं. मीठ हवं असलं तर चिमटी, पाणी हवं असलं तर अंगठा. एका रविवारी त्याने मला लांबून हातवारे करून काहीतरी फार महत्त्वाचं सांगितलं. मला वाटलं, नायिकेला ताप भरला. धावत गेलो, तर साहेबांना माझ्याकडून नुसती लवंग हवी होती. मी त्याला त्या दिवशी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, हात जोडले आणि लवंग तोंडात टाकली.

त्याची एक खोड मात्र मला खरोखर खटकायची. संगीत नाटकात पद रंगलं की प्रेक्षकांतून 'वन्स मोअर'ची आरोळी येते. नटाने मान लववायची, पेटीवाल्याकडे बघायचं आणि पद पुन्हा सुरू करायचं. नटाला यापरतं सुख नाही आणि पेटीवाल्यालाही त्यातला थोडा वाटा मिळतो. पण याचं वेगळंच. पुढच्या सोफ्यावरच्या पाहुण्यांनी दिलेला वन्स मोअर हा घ्यायचाच नाही. ऐकू आलाच नाही अशा चेहऱ्याने उभा राहायचा. एकदा एका बड्या पाहुण्यांनी चांगला दोनदा मागितला. हा आपला मान किंचित वर करून, कान टवकारून पार मागे बघतोय. मागून कुणीतरी आरोळी ठोकली, तेव्हा कुठे स्वारी वळली. पण पद पुन्हा म्हणून झाल्यावरही तो क्षणभर तसाच थांबला. जणू अजून कुणाचं तरी यायचं राहिलंय. पाहुणे रागावून मध्यंतरातच निघून गेले.

"अरे, एवढा कसला माज?" मी विचारलं.

"माज नाही हो पेटीवाले," तो म्हणाला. "मागच्यांनी मागितला की खरा. पुढचे काय, जवळ बसलेत म्हणून मागतात."

हे उत्तर मला तेव्हा शिष्टपणाचं वाटलं.

आमचं थिएटर म्हणजे पत्र्याचं. वर पत्रा, तिन्ही बाजूंना पत्रा, आणि मागच्या पत्र्याला लागून एक रसवंती. उसाच्या चरकाला घुंगरं बांधलेली. इकडे नायिका विरहाने झुरतेय आणि तिकडे पत्र्यापलीकडून छन् छन् छन् छन्. घुंगरांना ताल असतो, पण तो आपला नसतो, आणि पेटीवर बसलेल्या माणसाला त्यासारखा छळ नाही. मी मंडळात कितीदा तरी तक्रार केली. रसवंतीवाल्याला सांगून झालं. तो म्हणायचा, "मालक, उन्हाळ्याचं चार पैसं मिळायचं दिवस हायेत, चरक बंद कसा ठेवू?" त्याचंही बरोबर होतं. गंमत अशी की या पोराच्या पदांना ती घुंगरं कधी आडवी यायची नाहीत. त्याचं पद सुरू झालं की चरक थांबलेला असायचा. मी मनात म्हणायचो, साल्याचं नशीब चांगलं.

आता त्याच्या वडिलांविषयी सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय हा माणूस निम्माच उरतो.

वडील मिशनच्या शाळेत हेडमास्तर होते, नुकतेच निवृत्त झालेले. सगळं गाव त्यांना 'सर' म्हणायचं. देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, दर रविवारी भजनं तेच सांगायचे. आवाज खर्जातला, स्वच्छ. मराठी अभंगाच्या चालीवरची ख्रिस्ती भजनं त्यांच्या तोंडून ऐकायला मी बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसायचो. पोराला सूर मिळाला तो तिथूनच. पण नाटक म्हटलं की सरांचा चेहरा मिटायचा. "रंग फासून दुसऱ्याचं दुःख रडायचं, हे खोटं बोलणंच झालं," असं त्यांचं मत. पोरगा मंडळात दाखल झाला तेव्हा त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं, "थिएटरच्या दारातून मी कधी आत पाऊल टाकणार नाही." सरांचा शब्द म्हणजे शब्द. शाळेत एकदा त्यांनी 'पाऊस आला तरी कवायत होईल' असं म्हटलं होतं आणि पाऊस आला होता. त्या कवायतीतली बरीच मंडळी अजून सांगतात.

भांडण मात्र नव्हतं. आई केव्हाच वारलेली. बापलेक एका घरात राहायचे, पाळीपाळीने स्वयंपाक करायचे. रविवारी दुपारी मी बऱ्याचदा तिथेच जेवायला असायचो. प्रयोग असला की मुलगा मुका, आणि सर त्याच्या ताटात भात वाढताना एवढंच विचारायचे, "आज उशीर होईल ना?" तो मान हलवायचा. सर म्हणायचे, "दार लोटून ठेवतो." नाटक हा शब्द त्या घरात कुणी उच्चारत नव्हतं. मला ते बघून फार वाईट वाटायचं. इतकी माया असलेल्या दोन माणसांनी एकमेकांना इतकं जपून वागवावं, हे बरं नव्हे.

दुष्काळाच्या साली आम्ही तिसगावला प्रयोग केला. रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या माणसांसाठी, फुकट. विजेचा भरवसा नाही म्हणून शाळेच्या पटांगणात दिवस मावळायच्या आधीच सुरुवात केली. नाटक आमच्या मास्तरांनीच लिहिलेलं. राज्यातून हद्दपार झालेला राजपुत्र वेशीपाशी थांबतो, बापाच्या वाड्याकडे वळून बघतो आणि एक पद म्हणतो. त्याला आम्ही 'वेशीवरचं पद' म्हणायचो. आमच्या नाटकाचं सगळं बळ त्या एका पदात होतं. माइक नव्हता. माणसं थकलेली, संख्येनेही थोडी. सगळी पुढे येऊन रंगमंचाला टेकून बसलेली. आमच्या राजपुत्राने छाती भरली आणि सुरू केलं. पहिल्या ओळीलाच पुढची एक म्हातारी दचकली.

"एवढा कशाला वरडतो रं बाबा?" ती म्हणाली. "आमी समदी हितंच हाय की."

माणसं हसली. त्याने पद थांबवलं आणि राजपुत्राच्या वेशात, मुकुटासकट वाकून तिला म्हणाला, "मावशी, तुमच्यासाठी नाही. मागच्यांसाठी."

म्हातारीने वळून बघितलं. मागे मोकळं पटांगण, त्यापलीकडे करपलेलं रान.

"मागं तर कुनीच न्हाई," ती म्हणाली.

तोही त्या मोकळ्या पटांगणाकडे बघत राहिला. त्याचा चेहरा एकदम उतरला. मग त्याने पद पुन्हा पहिल्यापासून उचललं, तेवढ्याच आवाजात, आणि आता म्हातारी हनुवटीला हात लावून ऐकत बसली. प्रयोग संपल्यावर तिने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि विचारलं, "कुनाची वाट बघतुयास रं?" त्याने मुकुट काढला, वाकून तिला नमस्कार केला आणि सामान आवरायला गेला.

मुंबईला टेलिव्हिजन सुरू झाल्याचं आम्ही पेपरात वाचलं होतं. नगरात ते दिसायचा प्रश्नच नव्हता. पुढच्या वर्षी पुण्यात दिसायला लागलं, तेव्हा पुण्याचे पाहुणे आले की त्याबद्दल बोलून आम्हाला खिजवायचे. संगीत नाटकांतली पदं दाखवायचा एक कार्यक्रम तिथे निघाला आणि आमच्या 'शेवटच्या रांगे'ला मुंबईहून चाचणीचं बोलावणं आलं. तो गेला. दोन दिवसांनी परत आला तो पडलेला चेहरा घेऊनच.

"काय झालं?"

"गायला लागलो, तर आतला एक जण कानावरची ती यंत्रं काढून फेकतच बाहेर आला," तो म्हणाला. "म्हणतो, कॅमेरा इथे हातभर अंतरावर आहे, माइक डोक्यावर आहे. तुम्ही एवढ्या मोठ्याने बोलताय कुणाशी?"

"मग?"

"मग म्हणाला, आवाज चांगला आहे. तो अर्धा करा, चेहरा पाव करा, आणि महिन्याने या."

त्या महिन्यात नगरने जे भोगलं ते आम्हालाच ठाऊक. चहाच्या पेटीचं एक रिकामं खोकं त्याने मिळवलं, त्याची एक बाजू कापली, तालमीच्या खोलीत टेबलावर ठेवलं आणि मागे बसून त्यातून तोंड दाखवायला लागला. "खोक्याबाहेर गेलो की सांगा," म्हणायचा. त्याचा हात उठला की खोक्याला आपटायचा. मान फिरवली की कान घासायचा. भुवया हलवायची प्रॅक्टिस तो सलूनमधल्या आरशासमोर करायचा. दाढी झाली तरी खुर्ची सोडायचा नाही. शेवटी न्हावी हात जोडून म्हणाला, "साहेब, तुमच्या त्या भिवया बघून शेजारच्या खुर्चीवरची मान्सं उठून जात्यात हो!" स्टँडवर तर कहरच. अर्ध्या आवाजात घोषणा करून बघितली आणि पारनेरची माणसं श्रीगोंद्याच्या गाडीत जाऊन बसली.

मला त्याची दया यायची. जो माणूस जन्मभर मोठा व्हायला शिकला, त्याला आता लहान व्हायचं होतं. एके दिवशी तो खोक्यात मान घालून घामाघूम झालेला बघून मी म्हणालो, "कशाला जीव काढतोस? इथे आहेस तो बरा आहेस. थिएटर भरतंय की तुझ्या नावावर."

तो खोक्यातूनच बोलला.

"पेटीवाले, बाबांनी मला काम करताना एकदाही बघितलेलं नाही. ते काही थिएटरात येणार नाहीत. शब्द दिलाय त्यांनी. पण टेलिव्हिजन म्हणजे थिएटर नाही ना? ते लोकांच्या घरात असतं. बाबांना पाऊल टाकायला लागणार नाही. मीच त्यांच्यापुढे जाऊन उभा राहीन."

त्याच्या या वेडाला कारण होतं, हे त्या दिवशी मला कळलं. तोपर्यंत मी त्याला फक्त नाटकवेडा समजत होतो.

पुढच्या रविवारी जेवताना त्याने वडिलांपुढे विषय काढला. त्या घरात पहिल्यांदाच. सरांनी घास खाली ठेवला.

"हे यंत्र कुठे असतं?" त्यांनी विचारलं.

"दिवाणखान्यात. पुण्यात तुमच्या त्या जुन्या विद्यार्थ्याने घेतलंय."

"तिकीट?"

"नाही."

"दार?"

"घराचंच दार, बाबा."

सरांनी तांब्या उचलून पाण्याचे दोन घोट घेतले. मग जुन्या कायद्यात सुटकेचं कलम सापडावं तसा चेहरा करून म्हणाले, "मग माझ्या शब्दाला बाध येत नाही. वाढ भात." मुलाने वाढलेला भात त्या दिवशी दोघांच्या ताटात मावत नव्हता.

महिन्याने झालेल्या दुसऱ्या चाचणीत त्याची निवड झाली. कार्यक्रमाच्या दिवशी तो मुंबईत, आणि सरांना पुण्याला घेऊन जायचं काम माझ्याकडे. त्याच्या पदाला मुंबईत दुसराच कुणीतरी पेटीवर बसणार होता, त्याचा राग मी गिळला होता. सर स्टँडवर माझ्या आधी येऊन उभे होते. बंद गळ्याचा कोट, बुटांना पॉलिश, हातात छत्री. गाडीत खिडकीपाशी बसले. सुप्याच्या पुढे गेल्यावर एकदम म्हणाले, "वेशीवरचंच पद म्हणणार ना?"

"हो, तेच."

"बरं झालं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "दुसऱ्या अंतऱ्यात तुम्ही जरा घाई करता. राग मानू नका. त्याला तिथे थोडं थांबायचं असतं."

मी चमकलो. "तुम्हाला कसं ठाऊक, सर?"

सर खिडकीबाहेर बघायला लागले. "मुलगा म्हणत होता," ते म्हणाले. मुलगा आणि वडिलांशी नाटकाबद्दल बोलतोय! सरांना मी आयुष्यात एकदाच खोटं बोलताना पाहिलं, ते त्या गाडीत.

विद्यार्थ्याच्या घरी दिवाणखाना भरलेला होता. आळीतली माणसं सतरंजीवर दाटीवाटीने बसलेली, दाराबाहेर चपलांचा ढीग. सरांना एकुलती एक आरामखुर्ची दिली. टेलिव्हिजनचं लाकडी शटर यजमानांनी सावकाश सरकवलं. आधी मुंग्या दिसल्या, मग बातम्या, मग निवेदिका आली आणि तिने आमच्या पोराचं नाव घेतलं. सरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

तो दिसला. काळापांढरा, वीतभर. मुकुट तोच, वेश तोच. सुरुवातीला मला ओळखूच येईना, कारण इतका शांत तो कधी नसायचा. हात जागेवर. भुवया जागेवर. नुसते डोळे बोलत होते. आवाज अर्धा केलेला, पण सूर पुरा. सर पुढे वाकले. "बरं नाही का त्याला?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"बरा आहे, सर. इथे असंच गातात."

मग पद सुरू झालं. राजपुत्र वेशीपाशी थांबला, वळला, आणि कॅमेरा त्याच्या तोंडाजवळ गेला. सगळ्या काचेवर फक्त त्याचा चेहरा. आमच्या थिएटरात पहिल्या रांगेतल्या माणसालाही तो चेहरा इतक्या जवळून कधी दिसला नव्हता. बापाच्या वाड्याकडे बघणारा मुलगा सरांपासून चार हातांवर होता आणि थेट सरांकडे बघत होता. दुसऱ्या अंतऱ्याला मुंबईच्या पेटीवाल्याने त्याला थांबायचं तिथे थांबू दिलं. मला आनंद झाला, थोडं वाईटही वाटलं. सरांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

पद संपलं. आणि सर उठून उभे राहिले. छत्री बाजूला पडली. देवळात भजन सांगणाऱ्या त्या भरदार आवाजात ते ओरडले, "वन्स मोअर!"

सतरंजीवरच्या सगळ्या माना वळल्या. एक लहान मुलगी खुदकन हसली, तिच्या आईने तिला दटावलं. काचेवर निवेदिका आली, गोड हसली आणि कपाशीवरच्या किडीची माहिती सुरू झाली. सर उभेच. ते काचेकडे बघत थांबले होते. थिएटरात वन्स मोअर मागितल्यावर माणूस थांबतो, अगदी तसे.

"सर," मी त्यांचा हात धरला, "इथे तसं नसतं."

"मागितला तरी देत नाहीत?"

"नाही. त्यांना ऐकू जात नाही."

"मग नटाला कळतं कसं?"

मी म्हणालो, "कळत नाही, सर." ते सावकाश खाली बसले. कपाशीवरच्या किडीचा कार्यक्रम त्यांनी शेवटपर्यंत बघितला, कारण उठून जाणं यजमानांना बरं दिसलं नसतं.

पोरगा नगरला परतला तो आठवड्याने. स्टँडवर उतरला तसा मला गाठून त्याने रसवंतीत नेलं, तीच ती थिएटरमागची. "सांगा," म्हणाला. मी सांगायला लागलो. कोट, छत्री, आरामखुर्ची, डोळ्यांतलं पाणी. चरक चालू होता, घुंगरं वाजत होती, त्यावरून मी ओरडून सांगत होतो. वन्स मोअरपाशी आलो तेव्हा त्याने माझं मनगट धरलं.

"उभं राहून म्हणाले, की बसून?"

"उभं राहून."

"किती मोठ्याने?"

"शेवटच्या रांगेपर्यंत जाईल एवढ्याने."

तो हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला. रसाचा ग्लास तसाच ठेवून तो लहान मुलासारखा रडला. "इतकी वर्षं त्याची वाट बघितली," तो म्हणाला, "आणि आला तेव्हा मी मुंबईत रंग पुसत बसलो होतो!"

"पण त्यांना वन्स मोअर माहीत कसा?" मी विचारलं. "जन्मात थिएटरात पाऊल टाकलेलं नाही."

त्याने बाहीने नाक पुसलं आणि रसवंतीवाल्याकडे वळून हात वर केला, नुसता तळवा. चरक जागच्या जागी थांबला. घुंगरं गप्प.

"पेटीवाले, माझ्या पदांना ही घुंगरं का वाजत नव्हती, असं कधी मनात नाही आलं तुमच्या?"

रसवंतीवाला हात पुसत पुढे आला. "सर हितंच बसायचे की," त्याने पत्र्याला टेकलेला बाक दाखवला. "दर प्रयोगाला. पोराचं पद आलं की असा हात करायचे. आमी त्यांच्याच शाळंतले. सरांचा हात वर गेला की आपोआप गप्प बसायची सवय हाय ती."

"तुला हे ठाऊक होतं?" मी त्याला विचारलं.

"पहिल्या वर्षापासून. दारातून आत यायचं नाही एवढाच त्यांचा शब्द होता. दाराबाहेर ऐकायचं नाही असं ते कुठे म्हणाले होते? मी कळलंय असं दाखवलं असतं तर त्यांना यायचं बंद करावं लागलं असतं. म्हणून गप्प राहिलो. मला वाटायचं, एखाद्या दिवशी पत्र्याबाहेरून आरोळी येईल."

पुढच्यांचे वन्स मोअर नाकारून हा मागे कान लावून का उभा असायचा, तिसगावच्या मोकळ्या पटांगणात त्याचा चेहरा का उतरला, ते मला त्या बाकाकडे बघताना समजलं. आम्ही ज्याला खोड म्हणत होतो ती त्याची शिस्त होती. मला त्या पोराचा फार अभिमान वाटला, आणि त्या म्हाताऱ्याचाही.

तो उठला. "चला," म्हणाला.

घरी सर अंगणात वेताच्या खुर्चीवर पेपर वाचत बसले होते. मी फाटकापाशीच थांबलो. हा आत गेला, पिशवी पायरीवर ठेवली, आणि त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. सरांनी चष्मा काढला.

"आलास?"

"तुम्ही मागितला होता ना, बाबा?" तो म्हणाला.

सरांनी पेपरची घडी केली आणि मांडीवर ठेवली. त्याने मानेचा मफलर सोडला. मला वाटलं, आता छाती भरणार आणि आळीतली सगळी दारं उघडणार. पण त्याने छाती भरली नाही. तो वडिलांच्या पायाशी जमिनीवर बसला आणि वर बघून गायला लागला. त्याचे ओठ हलताना दिसत होते. सरांचा हात गुडघ्यावर ठेका धरत होता, आणि दुसऱ्या अंतऱ्यापाशी तो हात क्षणभर थांबला. मी फाटकाला धरून, मान पुढे काढून उभा होतो. मला त्यातला एक सूरही ऐकू आला नाही.